बोलायची पद्धत

मला चांगलं बोलता येतं, असं सगळे म्हणतात. माझी उभी नोकरी वीज ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर गेली. माणूस हातातलं बिल नाचवत यायचा, अंगावर ओरडायचा आणि मी म्हणायचे, "साहेब, आधी बसा. पाणी घ्या. बघू आपण." थोड्या वेळात माणूस थंड. नव्या मुली लागल्या की वरिष्ठ त्यांना माझ्या शेजारी बसवायचे, बघून शिका म्हणायचे. मला त्याचा फार अभिमान होता. तो आता राहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमची सोसायटी लष्करी छावणीच्या पुढे, पडेगावच्या रस्त्याला आहे. सोसायटीत बौद्ध आम्ही एकटेच. हे कुणी कधी बोलून दाखवत नाही. गणपतीची वर्गणी आम्ही देतो, आणि एप्रिलमध्ये मी खीर करून मजल्यावर वाटते तेव्हा सगळे ती घेतात. निदान वाट्या तरी धुऊन परत येतात. नवरा नोकरीसाठी नांदेडला असतो. घरात मी, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी मुलगी आणि माझे वडील. त्यांना आम्ही भावंडं दादा म्हणतो. दादांनी सगळं आयुष्य छावणीच्या बाजारात सायकली दुरुस्त केल्या. आता गुडघे गेलेत, बाल्कनीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसतात.

दादा मूळचे देवगाव रंगारीजवळच्या एका खेड्यातले. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावचे येसकर. येसकर म्हणजे महारवाड्यातला ज्याची पाळी असेल तो माणूस. दिवसभर गावची निरोपाची, राखणीची कामं करायची, कुणी मेलं तर उन्हातान्हात परगावी सांगावा घेऊन पळायचं आणि संध्याकाळी खांद्यावर घोंगडी टाकून, घुंगरं बांधलेली काठी आपटत घरोघर भाकरी मागायची. घुंगरं कशासाठी, तर येसकर येतोय हे आधी कळावं आणि लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. दारात गेलं की वाकून "जोहार मायबाप" म्हणायचं. मग वरून भाकरी टोपल्यात पडायची. टोपलं धरायला मागे दादा असायचे, तेव्हा ते लहान होते. पुढे आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला. आजोबांनी काठी मोडून चुलीत घातली, त्यावर गावाने त्यांचं पीठ दळणं बंद केलं, आणि दादा मामाकडे छावणीत आले ते कायमचेच. हे सगळं त्यांनी मला लहानपणी ट्यूबला पंक्चर लावता लावता सांगितलेलं. नंतर कधी विषय काढला नाही. मीही विचारलं नाही.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष कन्नड तालुक्यातले. घरची मोठी शेती, ऊस, स्वतः कृषी खात्यातून निवृत्त झालेले. मनाने खरोखर चांगला माणूस. हे मी रीत म्हणून म्हणत नाही. दादांना छातीत दुखायला लागलं होतं तेव्हा गाडी त्यांनीच काढली होती आणि दवाखान्याच्या बाकावर माझ्याबरोबर तेच बसून राहिले होते.

गेल्या वर्षी सोसायटीच्या वर्धापनदिनाला त्यांनी "गावगाडा" नावाचा कार्यक्रम काढला. मुलांना खेडं माहीत नाही, आपली संस्कृती कळायला हवी, अशी कल्पना. अंगणात भाड्याची बैलगाडी आणायची, पिठलं-भाकरीचा स्टॉल लावायचा आणि सभासदांनी बारा बलुतेदारांची सोंगं घ्यायची. दातांचे डॉक्टर कुंभार झाले, एक इंजिनिअर सुतार झाला, दोन बायका परटिणी झाल्या. येसकर व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, मी होतो. सगळ्यात खालचं काम अध्यक्षानेच करावं, मोठेपणा सोडायला पाहिजे, असं त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "ताई, त्या काठीला घुंगरं वरच्या अंगाला असत्यात का खाली? म्हणलं, तुम्हाला माहिती असंल."

आता इथे मला खोटं लिहिता येणार नाही. मला काही टोचलं, खटकलं, असं झालं नाही. मला बरं वाटलं. इतकी वर्षं त्या सोसायटीत राहून, कुणीतरी मला आमच्याबद्दल काहीतरी विचारत होतं, तेही आदराने. मी सांगितलं, वरच्या टोकाला बांधतात. आणि वर न विचारता सांगितलं, घोंगडी डाव्या खांद्यावर घ्या, घडी करून. "वा, ताई," ते म्हणाले, "तुमच्यामुळं ऑथेंटिक होणार." मी फोन ठेवला आणि भाजीला फोडणी दिली. हे मी ना दादांना सांगितलं, ना मुलीला.

कार्यक्रमाला दादांना मीच खाली नेलं. पांढरा सदरा घातला, पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मुलगी कॉलेजातून उशिरा आली आणि मागे उभी राहिली. सुरुवातीला मजा आली. कुंभार झालेल्या डॉक्टरांच्या हातून मडकं फुटलं, सगळे हसले, दादाही हसले.

मग घुंगरं वाजली. अध्यक्ष आले. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मळकं फडकं, घोंगडी डाव्या खांद्यावर, घडी करून. काठी आपटत ते पाठीत वाकून चालत होते. चालही त्यांनी कुठूनतरी शिकून घेतली होती. पिठल्याच्या स्टॉलवर जाऊन म्हणाले, "जोहार मायबाप, भाकर वाढा." बाईंनी हसत हसत हात उंच करून वरून भाकरी टाकली. लोक फोन काढून उभे राहिले. पाटील झालेला एकजण मिशीवर हात फिरवत म्हणाला, लांब उभा राहा रे, सावली पडंल. हशा पिकला. अध्यक्षही खोटंखोटं दचकून मागे सरले. आणखी हशा.

मी हसले का, हे मला आठवत नाही. आठवत नाही, असं म्हणणं सोयीचंही आहे.

तसेच फिरत फिरत ते पहिल्या रांगेत आले आणि दादांसमोर थांबले. त्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकते. ज्याच्या घराण्याने हे सोसलं त्याच्यापुढे आपण वाकावं, असंच काहीतरी. ते कमरेतून खाली वाकले, टोपलं पुढे केलं आणि म्हणाले, "जोहार, मायबाप."

दादांनी मागे वळून पाहिलं. हा जोहार कुणाला घातला, आपल्या मागे कोण मोठं माणूस उभं आहे, ते पाहायला. मागे तसं कुणी नव्हतं. मग ते खुर्चीचे हात धरून उठायला लागले. गुडघे दुखतात म्हणून त्यांना कुणीतरी उठवावं लागतं, पण त्या वेळी ते एकटेच उठले आणि खुर्चीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. वाट सोडून. लोकांना तोही विनोद वाटला.

मुलगी मागून कधी पुढे आली ते मी पाहिलं नाही. तिने अध्यक्षांच्या हातातलं टोपलं घेतलं आणि खाली ठेवलं. गाणी वाजत होती, ती बंद करायला लावली. आवाज चढवूनच बोलली, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

"काका, हे माझ्या पणजोबांकडून करवून घ्यायचे. सोंग घ्यायचंच होतं तर तुमच्या आजोबांचं घ्यायचं. ते भाकर कशी फेकायचे, ते दाखवा की लोकांना. लाज नाही वाटत तुम्हाला?"

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं सोंग तिथल्या तिथे उतरलं, घोंगडी मात्र खांद्यावर तशीच. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीने आजोबांचा हात धरला आणि त्यांना लिफ्टकडे घेऊन गेली. मी त्यांच्यामागे गेले नाही. मी खालीच थांबले, माणसं शांत करायला. तेवढंच मला येतं.

आणि लोक बोलायला लागले. गंमत बघा, ती जे म्हणाली त्याच्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. ती कशी म्हणाली, यावर मात्र प्रत्येकाचं मत होतं. मुद्दा असेल बरोबर, पण वडीलधाऱ्या माणसाशी बोलायची ही पद्धत झाली का. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. आजकालची मुलं फारच चिडकी. अध्यक्षांना बीपी आहे, काही झालं असतं तर. त्या सगळ्यांना मी मान डोलावत होते. "हो ना," म्हणत होते. एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुमच्याकडे बघून कधी वाटलंच नाही हो, तुम्ही किती वेगळ्या आहात. असं मला आधीही लोकांनी म्हटलंय. शाळेत असताना मी ठरवून "लई" आणि "नाय" सोडलं, न आणि ण घोटून घोटून वेगळे केले, ते हेच ऐकायला. इतकी वर्षं हे वाक्य मी शाबासकीसारखं जपत आले होते.

सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तेच सुरू झालं. कार्यक्रमाला गालबोट लागलं, कुटुंबाकडून खुलासा अपेक्षित आहे, वगैरे. माझ्या हाताला सवयच. मी लिहिलं:

"आदरणीय अध्यक्ष साहेब व सर्व सदस्य, काल माझ्या मुलीच्या बोलण्यामुळे सर्वांची मने दुखावली. तिच्या भावना समजून घ्याव्यात ही विनंती. परंतु तिची भाषा नक्कीच योग्य नव्हती. तिच्या वतीने मी मनापासून क्षमा मागते."

हात जोडल्याची चित्रं धडाधड यायला लागली. कुणी लिहिलं, हाच खरा समंजसपणा. मला हायसं वाटलं. खिडकीवरचा माणूस शांत झाला की वाटायचं तसं.

मुलीने तो मेसेज वाचला आणि स्वयंपाकघरात आली. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडेल. ती ओरडली नाही. म्हणाली, "मम्मी, तू ती माफी परत घे. बाकी मला काही नको."

मी तिला समजावलं. आपल्याला इथंच राहायचंय. तुझं बरोबरच होतं, पण गोड बोलून काम होतं, मी जन्मभर तेच केलंय. दादा तरी कुठे काय बोलले, त्यांना वाईट वाटलं असतं तर बोलले असते.

"तू त्यांना विचारलंस?" तिने विचारलं.

मी विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही. दादा त्या दिवसापासून बाल्कनीत बसत नव्हते. खाली अंगण दिसतं म्हणून असेल. आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मुलगी तिचं ताट घेऊन त्यांच्या खोलीत जेवायला बसायची, आणि मी बाहेर टेबलावर एकटी. भांडण नाही, धुसफूस नाही. काही मागितलं तर द्यायची. फक्त रोज कॉलेजला जाताना चप्पल घालता घालता विचारायची, "घेतलीस का परत?" मी म्हणायचे, बघू. ऑफिसात जे म्हणत आले तेच.

त्या दिवसांत मला खिडकीवरची एक गोष्ट सारखी आठवायची. मी लोकांना पाणी देऊन शांत करायचे, ते आभार मानून जायचे आणि त्यांचं बिल गठ्ठ्यात खाली पडून राहायचं. आणि जो काउंटरवर मूठ आपटायचा, साहेबांच्या केबिनमध्ये घुसायचा, त्याचं बिल त्याच दिवशी दुरुस्त व्हायचं. हे मला तेव्हाही माहीत होतं. सगळ्या ऑफिसला माहीत होतं. माझ्या गोड बोलण्याचा उपयोग ऑफिसला होत होता, लोकांना नाही. नव्या मुलींना मी हे कधी सांगितलं नाही.

मेसेज परत घ्यायला मी बसायचे. दोन ओळींचंच काम. पण लिहायला लागले की "कृपया गैरसमज नसावा" तरी यायचं, नाहीतर "लहान तोंडी मोठा घास" तरी. मग सगळं पुसून फोन ठेवून द्यायचे.

एका रविवारी दुपारी अध्यक्ष पेढे घेऊन आमच्याकडे आले. मी त्यांना बसवलं, चहा ठेवला. ते खरंच दुखावलेले होते. म्हणाले, त्या दिवसापासून नीट झोप नाही, ताई, पोरीनं आजोबापर्यंत नेलं, आजोबांनी गावात शाळेला जागा दिली होती, ते कुणी बघितलं नाही. तुम्ही माफी मागितली, तुमचा मोठेपणा. पोरीनं एकदा फक्त काकू म्हणून माझ्या बायकोशी दोन शब्द बोलावेत, विषय संपला. मुलगी तेव्हा आतल्या दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने म्हणाले, "आन् मी काय मनानं थोडंच केलं. काठीचं, घोंगडीचं, समदं तुम्हालाच तर विचारून केलं, ताई."

मला वर बघवेना. चहा उतू जात होता, त्याचा वास येत होता, आणि मी उठत नव्हते. मुलीने आत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन तिथेच उभी राहिली. ती काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या वतीने सगळ्या सोसायटीची माफी मागितली होती, आणि काठी मीच सजवून दिली होती.

मग मी बोलले. माझा आवाज माझा वाटत नव्हता, फाटल्यासारखा येत होता. मी म्हटलं, हो, मी सांगितलं, ते माझं चुकलं. त्याची माफी मला माझ्या बापाची मागायची आहे. पण मुलीच्या वतीने मागितलेली माफी मी परत घेते. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि तिची भाषाही बरोबर होती. तुम्ही वाईट माणूस नाही, भाऊ, हे मला माहीत आहे, दवाखान्यातला बाक मी विसरलेली नाही. पण तुम्ही वाकलात तेव्हा तुम्हाला सरळ होता येत होतं. आमच्या आजोबांना होता येत नव्हतं. आणि आता तुमची झोप गेली म्हणून तिने तुमची समजूत काढायची, हे मला पटत नाही. मी हे ग्रुपवरही लिहीन.

एवढं मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. अध्यक्षांनी हातातली पेढ्याची पिशवी चाचपली. मग म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, ताई," आणि उठले. पेढे टेबलावर ठेवले.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. त्यांनी चपला घातल्या. ते दाराबाहेर पडले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, काही कमी-जास्त बोलले असेन तर पदरात घ्या."

त्यांनी मान हलवली आणि जिन्याने खाली गेले. मी दार लावून वळले. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आतल्या खोलीतून दादांनी हाक मारली. ते पलंगावर उठून बसले होते, दार उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. किती दिवसांनी त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. मी त्यांच्या पायाशी बसले. काठीचं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच राहू दे म्हटलं.

"माझा बाप बी असाच होता," ते म्हणाले. "एकदा चावडीवर हक्काचं धान्य मागाया गेला, मी होतो संगं. समदं नीट बोलला, लई नीट. धान्य घेतलं. अन् निघताना दारात वाकून म्हणला, मायबाप, काय चुकलं आसंल तर पदरात घ्या."

ते मला लागावं म्हणून बोलले नाहीत. त्यांना त्यांचा बाप आठवला, एवढंच. बोलता बोलता त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि तो मला सोसवत नव्हता.

मी बाहेर आले आणि माझा फोन मुलीपुढे धरला. म्हटलं, "ग्रुपवर तूच लिही, माझ्या नावाने. मी लिहायला बसले की परत माफीच निघेल."

तिने फोन घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.